फाटकाचं कुलूप आणि पेठेतली गल्ली

माझा मामेभाऊ बेचाळीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मामी गेल्यावर सगळे एकच विचारत होते, आता याला कुठे ठेवायचं? ‘ठेवायचं’ हा शब्दच मला खुपतो.

आधी शहराबाहेरची एक निवासी संस्था पाहिली. पोटभर जेवण, वेळेवर औषधं, हे मान्य. पण फाटकाला कायम कुलूप आणि भेट महिन्यातून एकदा. तिथल्या आठ महिन्यांत तो शर्टाची बटणं लावायचं विसरला, कारण सकाळी सगळ्यांना भराभर कपडे चढवले जायचे.

आता तो सदाशिव पेठेत आमच्याकडे असतो. दिवसा कार्यशाळेत कागदी पाकिटं चिकटवतो, संध्याकाळी दूध आणतो. सुटे मोजता येत नाहीत, म्हणून दुकानदार काका चिठ्ठीवर हिशेब लिहून देतात. पहिलं बटण पुन्हा लावायला दीड महिना लागला. त्या दिवशी मी रडले.

कायदाही याच बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार धरलेलाच नाही; निव्वळ त्यासाठी कुणाला येरवड्याच्या मनोरुग्णालयात धाडणं चूकच. राष्ट्रीय न्यास या बौद्धिक दिव्यांगांसाठीही काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्य विमाही मिळतो.

घरी सांभाळणं सोपं नाही. चार दिवस त्याच्याजवळ थांबेल असं विश्वासू माणूस मिळत नाही. अशी थोड्या दिवसांच्या सांभाळाची सोय प्रत्येक वॉर्डात हवी. तोवर गणपतीत गावी जाताना आम्ही त्याला घेऊनच निघतो.