ऑस्कर मासा आणि चार फुटी टाकी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ऑस्कर घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: अख्खी टाकी एका माशाच्या नावावर करायची तयारी आहे का? असेल तर जरूर घ्या. माणूस ओळखणारा, खाण्याची वेळ लक्षात ठेवणारा, काचेपाशी येऊन तुमच्याकडे टक लावून बघणारा असा मासा दुसरा मिळणं कठीण. तयारी नसेल तर दुकानातलं ते बोटाएवढं गोंडस पिल्लू बघून पुढे चालू पडावं.

कारण ते पिल्लू तेवढं राहत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा सिक्लिड (गोड्या पाण्यातल्या माशांचं एक कुळ) पाणी आणि खाणं चांगलं असेल तर पहिले काही महिने दर महिन्याला साधारण इंचभर वाढतो. पूर्ण वाढ 30 ते 35 सेंटीमीटर, आणि नीट सांभाळला तर 10 ते 15 वर्षं जगतो. ‘सध्या छोटी टाकी, पुढचं पुढे बघू’ हा हिशेब इथे चालत नाही, म्हणून सुरुवातच 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि 2 फूट उंच टाकीने केली. काठोकाठ भरली तर साधारण 340 लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन 340 किलो होतं, तेव्हा स्टँड त्या ताकदीचा हवा. लांबीइतकंच रुंदीकडेही बघा. फूटभर लांबीच्या माशाला अंग न घासता वळता आलं पाहिजे. फूटभर रुंदीच्या टाकीत ते जमत नाही.

आता मुख्य गोष्ट, हद्दीची. ऑस्करला टाकीतला कोपरा न् कोपरा पाठ असतो. माझ्या टाकीत डाव्या बाजूला दोन मोठे गुळगुळीत दगड आहेत, त्यांच्यामागची जागा त्याची. तिथली वाळू तो तोंडात भरून पुढे आणून टाकतो आणि खड्डा करतो. मी वाळू सारखी केली की संध्याकाळपर्यंत खड्डा परत तयार. आता मी त्याच्या मांडणीला हात लावत नाही, फक्त दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोम घालून बसवलेत. वाळू उकरली तरी दगड कलंडून काच फुटायची भीती नाही. झाडांचा नाद सोडावा, मुळासकट उपटतो.

राग आला की दोन्ही कल्ल्यांची झाकणं बाहेर काढतो, पर ताणतो आणि अंगावरचे पट्टे बघता बघता गडद होतात. खोलीतला दिवा बंद आणि टाकीतला चालू असला की काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि त्याच्याशीही हाच पवित्रा. मागे काळा कागद लावला, टाकीतला उजेड कमी केला, तसा हा प्रकार बराच उतरला. उलट मोठी साफसफाई झाली की कधी कधी तो तळाशी आडवा पडून राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव घाबरतो, पण ऑस्करमध्ये हा रुसवा सर्रास दिसतो. कल्ल्यांची हालचाल नियमित असेल आणि पाण्याची टेस्ट ठीक आली तर त्याला एकटं सोडा.

सोबत दुसरा मासा? चार फुटांत माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. तोंडात मावेल ते अन्न आणि मावणार नाही तो शत्रू, असा त्याचा खाक्या. छोटे कॅटफिश तर त्याच्याच जिवावर बेततात, कारण त्यांच्या परांचे काटे गिळताना घशात अडकतात. जोडी ठेवायची कल्पनाही सोपी नाही, कारण नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. सहा फुटी टाकी असेल आणि नवा मासा सोडायचाच असेल, तर त्याच वेळी दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या की नव्याला थोडी तरी संधी मिळते.

मी लक्ष देऊन त्याचं खाणं बघत आलोय. पेलेट, म्हणजे माशांच्या तयार खाण्याच्या गोळ्या, तो शोषून आत ओढतो, घशातल्या दातांनी भरडतो आणि कल्ल्यांतून भुग्याचा ढगच बाहेर येतो. तो भुगा आणि वर एवढ्या मोठ्या जिवाची घाण, यातून माशाला विषारी असा अमोनिया तयार होतो. म्हणून फिल्टर टाकीच्या आकाराकडे बघून नको, माशाकडे बघून घ्यावा. माझा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) आहे, आणि त्याच्याबद्दल समाधानी आहे, पण खोक्यावर लिहिलेला प्रवाह आत मीडिया, म्हणजे पाणी गाळणारं आणि जिवाणू धरून ठेवणारं साहित्य, भरल्यावर मिळत नाही. एक नंबर मोठाच घ्या. पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावून तो दर आठवड्याला पिळतो. आतला मीडिया मात्र टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका विसळायचा, नळाच्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. मासा आणण्याआधी टाकी सायकल करायला, म्हणजे फिल्टरमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढू द्यायला, चार ते सहा आठवडे जातात, तेवढा धीर धराच.

तरीही फिल्टर सगळं करत नाही. तो अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो; नायट्रेट काढायला पाणीच बदलावं लागतं. मी आठवड्याला साधारण 40 टक्के पाणी बदलतो, नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. सतत खराब पाण्यात आणि निकृष्ट खाण्यावर राहिलेल्या ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडतात, आणि त्यांचे वण बरं झाल्यावरही राहू शकतात.

तापमान 25 ते 27 अंश. काचेचा हीटर उघडा ठेवू नका, हा मासा धडका मारतो; जाळी लावलेला किंवा स्टीलचा घ्या. पाणी काढण्याआधी हीटर बंद करायचा, कोरडा पडून तापला तर तडकतो. झाकण घट्ट हवं, कारण तो उडी मारतो.

खाण्यात चांगले पेलेट, अधूनमधून कोळंबी, गांडूळ, उकडलेला वाटाणा. आठवड्यातून एक दिवस उपास. जिवंत गोल्डफिश घालायचा शौक अनेकांना असतो. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमधल्या एका एन्झाइममुळे ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं. मटणाची चरबीही त्याला पचत नाही.

आणि सांभाळणं खरंच अशक्य झालं, तर मोठी टाकी असणारा माणूस शोधा, दुकानदाराला विचारा, पण तळ्यात किंवा नदीत सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर असाच बाहेरून येऊन कायमचा वसला आहे.