पाय घासायची काशाची वाटी – अडीच महिने वापरून सांगते

मार्चमध्ये माझी झोप पार उडाली होती. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, आणि ते दिवस म्हणजे नवी हळद यायला लागलेली, राजापुरी जातीच्या हळदीचे सौदे चालू, त्यात वर्षअखेर, जीएसटी, बँक, सगळं एकदमच अंगावर येतं. घरी यायला साडेआठ, जेवण उरकून ओटा आवरेपर्यंत दहा, मग आडवं झालं की हातात मोबाईल आणि बारा कधी वाजले ते कळायचंच नाही. बीपी तपासलं तर जरा वरच्या बाजूला निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही पण विचारलं, दिवसातनं काहीही न करता नुसत्या किती वेळ बसता? मला उत्तर देता आलं नाही, आणि ते रस्ताभर डोक्यात राहिलं.

घरी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं तळपायाला काशाची वाटी लाव की, उष्णता निघून जाती, डोळ्याची आग पण थांबती." त्यांची माहेरची वाटी होती पण २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतल्या भांड्यांबरोबर गेली, ती आठवण निघाली की त्या अजून गप्प होतात. म्हणून नवीन घ्यायची ठरवलं.

पहिली ऑनलाइन मागवली, लाकडी मुठीची, फोटोत फार सुरेख दिसत होती. आठ-दहा दिवसात कडेचा रंग उडाला आणि आत पिवळंधमक पितळ. परत करायची मुदत पण संपलेली. त्यामुळं सांगते, ही वस्तू हातात घेतल्याशिवाय घेऊ नका.

मग एका शनिवारी गणपती पेठेत भांड्यांच्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी आधी पितळेची वाटी बोटांच्या टोकावर धरून टिचकी मारली, आवाज आला आणि लगेच बसला. मग काशाची धरली, टिचकी मारली आणि ती वाजतच राहिली, ते म्हणाले ऐका पूर्ण, मी चांगलं पाच-सहा सेकंद उभी राहून ऐकलं. देवळातली घंटा, झांज, टाळ याच जातीच्या धातूचे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ हे प्रमाण, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळं रंगात पण फरक दिसतो, काशाचा तांबूस-फिकट असतो. वजनावर विकतात. माझी अडीचशे ग्रॅमच्या आत भरली, सहाशे रुपये पडले. घेताना कडेवरनं बोट फिरवून बघा, कड गोल आणि गुळगुळीत पाहिजे, नाहीतर टाचेला टोचते. आणि फरशीवर पाडू नका, कासं कडक असतं पण ठिसूळ, पितळेसारखं पोचत नाही तर सरळ तडकतं. काकांनी घाई केली नाही, चार वाट्या काढून दाखवल्या, गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी.

आता वापर. रात्री साडेनऊला जुना टॉवेल अंथरायचा, तिळाचं तेल कोमट करायचं, एका पायाला अर्धा चमचा पुरतं. टाचेपासून बोटांपर्यंत वाटीचा तळ गोल गोल फिरवायचा, जोर नको. एका पायाला दहा मिनिटं. पहिल्या दोन दिवशी मला ती दहा मिनिटं संपेनात, सारखं घड्याळाकडं लक्ष, हे राहिलं ते राहिलं आठवत होतं. पण दोन्ही हात तेलाचे असल्यामुळं मोबाईल उचलता येत नाही, उठून फरशीवर चालता येत नाही, बसूनच राहावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी खांदे खाली आल्याचं जाणवलं, म्हणजे इतके दिवस ते वर ओढलेले होते हे तेव्हा कळलं. माझ्या मते या वाटीचं निम्म्याच्या वर काम तर हेच आहे.

तळवा राखाडी-काळा होतो, आणि दुकानात, व्हिडिओत सगळीकडं सांगतात की शरीरातली विषं बाहेर पडली. मला ते पटेना म्हणून मी सुती फडक्यावर तेल टाकून वाटी घासली, फडकं पण काळंच झालं. धातू घासला की त्याचे बारीक कण तेलात, घामात मिसळतात, तो हा काळेपणा. वस्तू चांगली आहे, ती विकायला खोटं बोलायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

पण सासूबाईंची "उष्णता निघून जाती" ही गोष्ट मी आधी सोडून दिली होती, ती पूर्ण सोडून देण्यासारखी नाही. झोप येते तेव्हा शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं, आणि ते उतरायला हातापायाच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाय गरम होतात आणि आतली ऊब तिथनं बाहेर जाते. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा नेचर या नियतकालिकात छोटा लेख आला होता, पाय गरम असले की झोप लवकर लागते असा. तो काही वाटीवरचा अभ्यास नव्हता, पण घासून घासून पाय ऊबदार झाले की मला जांभया यायला लागतात हे रोजचं आहे. आयुर्वेदातल्या वाग्भटांनी पण त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथात रोज अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावा म्हणलंय. डोळ्याच्या आगीचं म्हणाल तर कमी झाली, पण रात्रीचा मोबाईल सुटला त्यानं झाली का वाटीनं हे मी सांगू शकत नाही.

जपायच्या दोन गोष्टी मात्र आहेत. तेलकट पायानं टाइल्सवर उतरू नका, आधी ओल्या गरम फडक्यानं पुसा नाहीतर मोजे घाला, वयस्कर माणसांच्या बाबतीत तर नक्कीच. आणि शुगर असलेल्यांनी, पाय बधिर असलेल्यांनी किंवा जखम, भेग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, कारण घासून कातडी सोलवटली तरी कळत नाही. वाटी चिंच-लिंबानं घासू नका, आंबटानं कासं खराब होतं. साधा साबण आणि मऊ फडकं बास.

आत्ता रात्री साडेदहाला दिवा बंद होतो आमचा. सगळ्याच रात्री नाही, जीएसटी भरायच्या आठवड्यात दोनदा चुकलं, आणि चुकलं की दुसऱ्या दिवशी पेढीवर आकडे दोन-दोनदा तपासावे लागतात. बीपी पुढच्या तपासणीला बरं निघालं, पण मी मीठ पण कमी केलंय आणि सकाळी नदीच्या घाटापर्यंत चालायला पण लागलेय, त्यामुळं ते सगळं वाटीच्या नावावर घालणार नाही.

एक झालं ते मुद्दाम लिहिते. मे महिन्यात एकदा सासूबाई म्हणाल्या, आण इकडं, आज मी लावते. मी नकोच म्हणत होते, त्यांनी माझे पाय धरायचे म्हणजे कसं वाटेल, पण त्यांनी टॉवेल ओढून घेतला आणि बसल्या. कुणीतरी माझे पाय चोळतंय असं लहानपणानंतर पहिल्यांदाच झालं असेल. काही न करता पडून राहायचं एवढंच काम होतं आणि मला ते करता आलं, पाच मिनिटात झोप लागली, दुसरा पाय तसाच राहिला. सकाळी त्याच म्हणाल्या, राहिलेला आज रात्री.

गेल्या शनिवारी त्याच दुकानातनं दुसरी वाटी घेतली, तासगावला आईसाठी. पार्सलनं पाठवत नाही. दोन दिवसांची रजा टाकलीय, तिच्याकडं राहून मीच लावणार आहे, दोन्ही पायांना.