दोन वेळच्या गोळ्यांवरून एका गोळीवर: टीएलडीचे चौदा महिने

मी लग्नाकार्यातला आचारी. दुपारची पंगत असली की आमची भट्टी रात्री दोनलाच पेटते. कुठलंही औषध मी आधी या एका गोष्टीवर तोलतो: उकळत्या तेलाच्या कढईसमोर उभं राहता येतं का?

मला एचआयव्ही आहे. त्यावरची औषधं, म्हणजे एआरटी, २०१० पासून चालू आहेत. पहिली गोळी झिडोवुडीन, लॅमिवुडीन आणि नेविरापिनची. सकाळी आठ, रात्री आठ. रात्री आठला आम्ही मांडवात भाजी चिरत बसलेलो असायचो. पोरांच्या देखत नको म्हणून टेम्पोच्या मागे जाऊन घ्यायचो. बाटली पिशवीत खुळखुळायची, तर आत कापूस कोंबला. पुढे अंगातलं रक्तच कमी व्हायला लागलं, हिमोग्लोबिन आठच्या खाली. झिडोवुडीनने असं होतं, म्हणून टीएलई दिली, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि इफाविरेंझची गोळी. दिवसाला एकच, पण झोपताना घ्यायची.

अडचण ती ‘झोपताना’चीच. त्यातलं इफाविरेंझ मला फार चढायचं. तासाभरात जमीन हलल्यासारखी, आणि स्वप्नं इतकी खरी की जाग आल्यावर आधी हात भाजलाय का ते बघायचो. सीझनमध्ये गोळी पहाटेवर ढकलायचो, कधी चुकायचीच. काउन्सेलर ताईंनी विचारलं की मात्र ‘रोज घेतो’. इथे खोटं कशाला बोलू?

चौदा महिन्यांपूर्वी ती बदलून टीएलडी दिली. तिच्यात इफाविरेंझच्या जागी डोलुटेग्रावीर ५० मिलिग्रॅम आहे; टेनोफोविर आणि लॅमिवुडीन प्रत्येकी ३०० तसंच. पोट भरलेलं असो की रिकामं, दिवसा की रात्री, कधीही चालते, फक्त रोज साधारण एकाच वेळी. पहिले पंधरा दिवस रात्री घेतली तर झोपच येईना. डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितलं, तेव्हापासून पहिल्या चहानंतर घेतो. चक्कर गेली, स्वप्नं गेली. चौदा महिन्यांत एकही चुकवलेली नाही, आणि हे खरं आहे.

आता तक्रारी. वजन ६१ चं ६७ झालं. डॉक्टर म्हणाले या गोळीने काहींचं वाढतं. बायको म्हणते गोळीपेक्षा उरलेली जिलेबी जास्त दोषी. क्रिएटिनीन, म्हणजे रक्तातला मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा, १.० चं १.२ आल्यावर मी घाबरलो होतो. डोलुटेग्रावीरमुळे ते लघवीतून थोडं कमी बाहेर पडतं, त्यामुळे आकडा वाढला तरी मूत्रपिंड बिघडलंच असं नसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पण टेनोफोविर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून तपासणी टाळायची नाही.

खरी ठेच मला पित्ताच्या पातळ औषधाने लागली. आचाऱ्याला ते रोज लागतंच, आणि मी चहा, गोळी, औषध असं एका दमात उरकत होतो. दीड महिन्याने फार्मासिस्ट ताईंनी सहज विचारलं आणि कपाळाला हात लावला. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम गोळीला शोषूच देत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रावीरची जादा गोळी लागते. हे गोळी बदलली त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी तपासणी, वर्षाने केली: ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. ते टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे काउन्सेलर ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. बायकोची टेस्ट याही वर्षी निगेटिव्ह.

गोळी फुकट मिळते. सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून अशी सोय आहे. सोपं झालं नाही ते तिथपर्यंत जाणं. स्थिर पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. मला दोनदा तशा मिळाल्या, तिसऱ्यांदा ‘स्टॉक कमी आहे’ म्हणून एकच बाटली हातात. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि लग्नसराईत एक दिवस म्हणजे एक ऑर्डर. रांगेतही अजून ओढणी, रुमाल तोंडावर असतातच; माझाही असतो.

बाटली आता वेलदोड्यांच्या डब्याशेजारी ठेवतो. कापूस मात्र काढलेला नाही.