बोटांचे ठसे, रंगीत अहवाल आणि हॉलोग्रामचे प्रमाणपत्र

ज्या घरात वाचन-लेखनात अडखळणारे किंवा एका जागी स्थिर बसू न शकणारे मूल आहे, त्या घरातील आईवडिलांनी वाचावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमचे नव्वद हजारांच्या आसपास रुपये गेले आणि त्याबद्दल तक्रारही केलेली आहे. पण त्याहून मोठे नुकसान वेळेचे झाले. बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू ओळखून त्याला सुधारण्याचा दावा करणाऱ्या एका खासगी केंद्राच्या फेऱ्यांत मुलाची संपूर्ण आठवी संपली आणि दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना मिळणाऱ्या सवलतींसाठी त्या वर्षात जी कागदपत्रे तयार व्हायला हवी होती, ती झाली नाहीत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे केंद्राचे व शाळेचे नाव येथे देत नाही. ठाणे जिल्ह्यातील आहेत, एवढे पुरे.

मुलगा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकतो. तोंडी विचारले तर इतिहासाचा धडा कारणांसकट सांगतो, पण तेच लिहायला बसला की एकाच पानावर ‘क्षेत्र’, ‘शेत्र’ आणि ‘क्षेञ’ अशी तीन रूपे दिसतात. फळ्यावरचे उतरवताना मधली ओळ गाळतो, ५६ चे ६५ करतो आणि आठवड्याला एक तरी कंपासपेटी हरवून येतो. वहीत शिक्षकांचा शेरा ठरलेला असे, ‘निष्काळजीपणा’. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र डोळे आणि कान तपासून घ्या, नंतर मुंबईतील महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणे) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे, स्थिर न बसणे) या दोन्हींसाठी मूल्यमापन करून घ्या, असे स्पष्ट सांगितले होते. रुग्णालयाची तारीख बरीच लांबची मिळाली. अशी केंद्रे नेमकी याच मधल्या काळावर जगतात, हे आता लक्षात येते.

हे केंद्र आमच्यापर्यंत शाळेतूनच आले. शाळेच्या सभागृहात पालकांसाठी मोफत व्याख्यान ठेवले होते आणि त्याची सूचना मुलांच्या डायरीत शिक्का मारून पाठवली होती, त्यामुळे व्याख्याते शाळेच्या ओळखीचे असणार असे सगळ्यांनीच धरून चालले. त्यांनी जे सांगितले त्यातील निम्मे खरे होते आणि म्हणूनच ते पटले. मूल आळशी नाही, मार देऊन अक्षर सुधारत नाही, प्रत्येकाची शिकण्याची पद्धत वेगळी असते, हे सारे कोणताही चांगला विशेष शिक्षकही सांगेल. उरलेले निम्मे असे, की मुलाचा उजवा मेंदू जास्त चालतो, शाळा डाव्या मेंदूची आहे आणि बोटांच्या ठशांवरून मेंदूच्या प्रत्येक भागाची टक्केवारी काढता येते. या चाचणीला ‘डीएमआयटी’ म्हणतात आणि तिचे त्यांनी ५,५०० रुपये घेतले.

चाचणी म्हणजे दहाही बोटे एका छोट्या स्कॅनरवर टेकवायची, बस्स. कोणी मुलाला एक ओळ वाचायला दिली नाही, एक बेरीज घातली नाही, शिक्षकांचे मत विचारले नाही. आठवड्याभराने चाळीसेक पानांचा गुळगुळीत, रंगीत अहवाल हातात आला. त्यात हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचा जागोजागी उल्लेख होता. वास्तविक त्या मांडणीचा बोटांच्या ठशांशी काहीही संबंध नाही. ठसे गर्भातच तयार होतात हे खरे, पण त्यावरून जोडाक्षरे का चुकतात हे कळते याला कसलाही आधार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ही चाचणी अशास्त्रीय असल्याचे जाहीरपणे म्हटलेले आहे.

तो अहवाल मी हिशेबाच्या सवयीने पानन् पान वाचला, कारण पतसंस्थेत काम करताना छापील कागदावर नुसती नजर फिरवून चालत नाही. मधल्या एका पानावर माझ्या मुलाचा उल्लेख सलग दोन परिच्छेद ‘ती’ असा केलेला होता. वर्गातील दुसऱ्या एका मुलाच्या आईकडचा अहवाल शेजारी ठेवला तेव्हा गुणदोषांचा अख्खा मजकूर शब्दशः तोच निघाला. बदलली होती ती टक्केवारी आणि मुखपृष्ठावरचे नाव. केंद्रात विचारल्यावर ‘मॅडम, ती टायपिंगची चूक आहे, डेटा बरोबर आहे’ असे उत्तर मिळाले. तोपर्यंत पुढचे पॅकेज सुरू झालेले होते.

पॅकेज ७२,००० रुपयांचे होते. ‘बिनव्याजी सोपे हप्ते’ एवढेच शब्द उच्चारले गेले. कर्ज हा शब्द एकदाही आला नाही. समुपदेशकाच्या टॅबवर आधार आणि पॅनचे फोटो काढले, पाठोपाठ माझ्या यजमानांच्या मोबाइलवर आलेले ओटीपी ‘प्रवेश निश्चित करण्यासाठी’ म्हणून मागून घेतले, आणि त्या दहा मिनिटांत एका वित्त कंपनीचे त्यांच्या नावे असलेले वैयक्तिक कर्ज मंजूर होऊन पूर्ण रक्कम केंद्राच्या खात्यात गेली. बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी त्याच ओटीपींपैकी एकाने दिली गेली होती. केंद्राला पैसे पहिल्याच दिवशी मिळाल्यामुळे पुढे मूल येते की नाही, सुधारते की नाही, याच्याशी त्याला काही देणेघेणे उरत नाही. पालक मात्र वर्षभर हप्ते भरतात, आणि थांबवले तर सिबिल खराब होते. पावतीवर ‘थेरपी’ हा शब्द कुठेही नव्हता. ‘व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा’ असे लिहिले होते, आणि खाली बारीक अक्षरांत शुल्क परत मिळणार नाही ही ओळ.

प्रत्यक्ष सत्रांत हेडफोनवर ‘अल्फा संगीत’ ऐकवायचे, मणी ओवायला लावायचे आणि नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावायचे. मध्य मेंदू जागृत झाला की मूल पट्टी बांधूनही वाचते, असा त्यांचा दावा. मंगळुरूचे अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी अशा वर्गांतील मुले नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात हे अनेकदा दाखवून दिलेले आहे. माझ्या मुलानेही घरी आल्यावर ते आपणहून करून दाखवले आणि वर ‘सर म्हणाले आईला सांगू नकोस’ असेही सांगितले. ज्या मुलाला वाचता न येण्याची आधीच लाज वाटते, त्याला पैसे घेऊन खोटे वाचन करायला शिकवले जात होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत संताप येतो तो याचा.

आमच्या तुकडीतील एका मुलाची गोष्ट याहून गंभीर होती. त्याला एडीएचडीसाठी मनोविकारतज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारे औषध सुरू केलेले होते. केंद्रातील ‘मेंदू सल्लागारां’नी ते नशेचे औषध आहे, मूल गुंगीत राहील, असे सांगून ते बंद करायला लावले आणि बदल्यात लेबल नसलेल्या बरणीतून एक चूर्ण दिले. हे औषध कडक नियंत्रणाखाली आहे ही गोष्ट खरी. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. पण नियंत्रण आहे म्हणून ते घातक ठरत नाही. त्याने भूक किंवा झोप कमी होऊ शकते, म्हणूनच डॉक्टर वजन-उंची पाहत मात्रा ठरवतात, आणि ते बंद करायचे की नाही हेही त्यांनीच ठरवायचे असते. चूर्णाच्या बरणीवर परवाना क्रमांक, बॅच किंवा उत्पादनाची तारीख यांपैकी काहीही नव्हते. आयुर्वेदिक औषधांनाही हे सारे बंधनकारक आहे. त्या मुलाच्या शाळेतून पुन्हा रोज तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा ‘शरीरातील विष बाहेर पडते आहे’ असे त्या माउलीला समजावण्यात आले.

शेवटचा प्रकार प्रमाणपत्राचा. ‘बोर्डात चालणारे लर्निंग डिसॅबिलिटी सर्टिफिकेट’ म्हणून १२,००० रुपये वेगळे घेतले आणि लॅमिनेशन केलेला, चकाकता हॉलोग्राम लावलेला कागद दिला. त्यावर नोंदणी क्रमांक म्हणून जो आकडा छापला होता तो कोणत्याही वैद्यकीय किंवा पुनर्वसन परिषदेचा नव्हता. ती केंद्राची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी होती, जी पिठाची गिरणीसुद्धा घरबसल्या फुकट करू शकते. नववीत हा कागद शाळेच्या लिपिकांकडे दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहून ‘रुग्णालयाचे कुठे आहे?’ एवढेच विचारले. मंडळाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, म्हणजे आमच्या बाबतीत वाशीला जातो आणि त्याला अधिकृत शासकीय वा महापालिका रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. खासगी केंद्राचा कागद कितीही चकाकला तरी तेथे शून्य किमतीचा.

ज्या गोष्टीचे आमच्याकडून बारा हजार घेतले, ती शासकीय व्यवस्थेत कायद्याने मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांतील एक आहे. केवळ एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे ‘एडीएचडीचे बोर्डाचे सर्टिफिकेट’ विकणारा माणूस समोर आला तर तेथेच सावध व्हावे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आतील मुलाला मिळत नाही. अर्ज आता केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो, आणि मुंबईत सायन, नायर, केईएम अशा रुग्णालयांत मूल्यमापन होते. त्यात वेळ जातो, कारण एका दिवसात ते होण्यासारखे नसतेच. दृष्टी आणि श्रवण तपासतात, बुद्ध्यंक काढतात, वाचन, शुद्धलेखन, लेखन आणि गणित यांची पातळी इयत्तेच्या तुलनेत पाहतात, शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तके मागवतात.

एडीएचडीचे निदान तर आणखीच कमी ‘यांत्रिक’ असते. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, ठसे तर नाहीतच. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागतात; म्हणून डॉक्टर पालकांना आणि वर्गशिक्षकांना वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरायला देतात. शिक्षकांचा शब्दही न ऐकता कोणी निदान सांगत असेल, तर ते निदान नव्हे.

अखेर आमच्या मुलाचे रुग्णालयात मूल्यमापन झाले आणि दोन्ही निदाने समोर आली. तेथील विशेष शिक्षिकेने जे सांगितले त्यात चमत्कार काहीच नव्हता. पहिल्या बाकावर बसवणे, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण देणे, शुद्धलेखनाचे गुण न कापता आशयाला गुण देणे, गृहपाठाचे तुकडे पाडून मधे उठू देणे, दप्तर रात्रीच एका यादीवर खुणा करून भरणे. शाळेने यातले बरेचसे मान्य केले. परीक्षेत ताशी २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक हे प्रमाणपत्रावर अवलंबून आहे आणि त्याचा प्रस्ताव आता, एक वर्ष उशिरा, गेलेला आहे.

कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी मुलाला हाताळणाऱ्या व्यक्तीचा, केंद्राचा नव्हे, नोंदणी क्रमांक मागावा. विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. हजार रुपये ही रक्कम आज हास्यास्पद आहे आणि ही केंद्रे इतक्या निर्धास्तपणे का चालतात याचे एक कारण तेही असावे. मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या जादुई उपचार कायद्यानेही बंदी आहे, म्हणून व्याख्यानाची पत्रके आणि व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे पुसून टाकू नयेत. आमच्या तक्रारीत तीच सर्वांत उपयोगी पडली.

कर्जाच्या बाबतीत ज्यांचे प्रकरण ताजे आहे त्यांनी त्याच दिवशी वित्त कंपनीला ईमेल करावा. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येते, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केली आहे. ती मुदत करारात लिहिलेली असते, आणि करार मागितल्याशिवाय सहसा कोणी दाखवत नाही. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, केंद्राने उत्तर दिले नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तेथे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. केंद्राच्या वकिलांनी पहिला मुद्दा पावतीवरच्या ‘कार्यशाळा’ या शब्दाचाच काढला. त्याला उत्तर म्हणून आम्ही तो हॉलोग्रामचा कागद आणि ‘ती’ असलेले पान जोडले आहे. दावा कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, तेव्हा ज्यांच्याकडे अशा पावत्या पडून आहेत त्यांनी आधी त्यांवरची तारीख पाहावी.