सांगलीतल्या ऑफिसात दोन इंटरनेट लाइनी: लिनक्सवर कोणती पद्धत घ्यावी?

मार्केट यार्डातली हळदीची अडत असो, विश्रामबागेतलं कर सल्लागाराचं ऑफिस असो की मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब, मांडणी साधारण सारखीच असते. एक फायबर, जोडीला फोर-जी राउटर आणि मध्ये डेबियन किंवा उबंटू (लिनक्सचेच दोन प्रकार) घातलेला पीसी. पण दोन लाइनी जोडल्या म्हणून लिनक्स दोन्ही वापरत नाही. ज्या डिफॉल्ट रूटचं (बाहेर जायच्या ठरलेल्या वाटेचं) मेट्रिक, म्हणजे पसंतीचा आकडा, कमी, त्याच वाटेने सगळं जातं. दुसरी लाइन कामाला कशी लावायची, हे आपण ठरवायचं. त्याआधी एक बघून घ्या: दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वरच बसलेले असतील तर एकाचा पत्ता बदला, नाहीतर पुढचं काहीच जमणार नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे मेट्रिक. फायबरला १००, फोर-जीला ७०० दिलं की झालं. पण रस्ता खोदताना केबल तुटली, तरी तुमचा पीसी आणि भिंतीवरचा ओएनटी (फायबर जिथे येते तो डबा) यांच्यातली जोडणी शाबूत असते. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) लाइन चालूच दिसते आणि तो सगळं मेलेल्या वाटेनेच पाठवत राहतो. म्हणून मेट्रिकच्या जोडीला तपासणी हवीच. नेटवर्क मॅनेजर या लिनक्सवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधली कनेक्टिव्हिटी तपासणी चालू केली, तर बंद पडलेल्या लाइनच्या मेट्रिकमध्ये तो २०००० मिळवतो आणि दुसरी लाइन आपोआप पुढे येते. ते नको असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहा. मात्र तिने गेटवेला, म्हणजे लाइनच्या राउटरला, पिंग करून (उत्तर येतं का बघून) भागत नाही, इंटरनेटवरचा एखादा पत्ता त्याच लाइनच्या इंटरफेसमधून (नेटवर्क पोर्टमधून) तपासावा लागतो.

दुसरी पद्धत पॉलिसी रूटिंग, म्हणजे कोणाचा डेटा कोणत्या लाइनने जाईल हे नियमांनी ठरवणं. तिला थोडी जास्त मेहनत लागते, पण खरी ताकद इथे आहे. प्रत्येक लाइनला वेगळं रूटिंग टेबल (वाटांची यादी) आणि कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) कोणत्या टेबलात बघेल हे सांगणारे ‘आयपी रूल’चे नियम. बिलिंगचा पीसी फायबरने आणि सीसीटीव्हीचं अपलोड फोर-जीने, अशी वाटणी यातून होते. बाहेरून ऑफिसात कोणी जोडत असेल तर ही पद्धत टाळताच येत नाही. दुसऱ्या लाइनने आलेल्या विनंतीचं उत्तर पहिल्या लाइनने गेलं, तर जोडणी उभीच राहत नाही. ‘आरपी फिल्टर’ ही कर्नलची सेटिंग पॅकेट ज्या लाइनने आलं तिनेच उत्तर जाईल का ते बघते. ती कडक, म्हणजे १ वर असेल तर कर्नल असं दुसऱ्या लाइनने येणारं पॅकेट मुळातच टाकून देतो. ती २ वर ठेवा. बरेच जण नियम बरोबर लिहितात आणि इथे अडकतात.

तिसरी पद्धत मल्टिपाथ: एकाच डिफॉल्ट रूटला दोन नेक्स्टहॉप (पुढचे राउटर), प्रत्येकाला वजन, म्हणजे भारातला वाटा. ‘दोन्हींचा वेग मिळेल’ या आशेने लोक इकडे वळतात. पण ४.४ पासूनचा कर्नल हॅश काढून, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून आकडा काढून, वाटणी करतो, त्यामुळे एक डाउनलोड एकाच लाइनवर राहतं आणि तिच्यापेक्षा वेगाने होत नाही. माणसं जास्त असतील तर भार विभागला जातो, एवढाच फायदा. हॅशमध्ये पोर्टही (प्रत्येक जोडणीचा क्रमांक) धरायला सांगितलं, तर एकाच साइटच्या जोडण्या दोन वेगळ्या पत्त्यांवरून निघतात आणि बँकेसारखी साइट मध्येच लॉगिन तोडू शकते. शिवाय फायबर पलीकडे कुठेतरी तुटली तर काही जोडण्या चालतात, काही लटकतात. असा बिघाड शोधायला सगळ्यात त्रासदायक.

दोन्ही लाइनींचा वेग खरोखर एकत्र हवा असेल तर पलीकडे भाड्याचा सर्व्हर आणि एकच जोडणी दोन्ही लाइनींवर पसरवणारं एमपीटीसीपी किंवा बाँडिंग व्हीपीएन लागतं. पाच-सात जणांच्या ऑफिसाने त्यात पडू नये.

माझं मत स्पष्ट आहे: तपासणीसह मेट्रिक आणि त्यावर पॉलिसी रूटिंगचे मोजके नियम. मल्टिपाथ फक्त तेव्हाच, जेव्हा दोन्ही लाइनी जवळपास सारख्या वेगाच्या आहेत आणि एक लाइन दिवसभर भरून जाते. दोन कंपन्यांच्या केबली एकाच खांबावरून येत असतील तर दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कचीच घ्या. आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावात हा पीसी तळमजल्यावर ठेवू नका.

सगळं बसवल्यावर चाचणीसाठी पीसीची लॅन केबल ओढू नका, त्यात कुठलीही मांडणी पास होते. ओएनटीमधली फायबरची पिन काढा. चालू जोडण्या तुटतील, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. नवीन पान मात्र अर्ध्या-एक मिनिटात उघडायला हवं. उघडलं नाही तर आधी तपासणीची स्क्रिप्ट बघा, मग दोन्ही इंटरफेसवर मास्करेड (आतल्या पीसींचे पत्ते लाइनच्या पत्त्यात बदलणारा नियम) लावलंय का ते.