सातारा ते सांगली शिफ्टिंग: सामान आलं, सांबर राहिलं

मागच्या महिन्यात बाबांना साताऱ्याहून इकडं सांगलीला आणलं, शनिवार पेठेतला वाडा बंद केला आणि सगळं सामान विश्रामबागला. गाडी एका लोकल पॅकर्सवाल्याची, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. आयशर आणि चार पोरं, १४ हजार ठरले. पॅकिंग एक नंबर राव, आजीचं तांब्याचं घंगाळ घोंगडीत गुंडाळून आणलं, एक पोचा नाही.

आता मेन किस्सा. सोप्यात पणजोबांच्या वेळेपासून सांबराचं शिंगांसकट मुंडकं आहे, लाकडी पाटीवर बसवलेलं, एका डोळ्याची काच पडलेली. कोयनेच्या खोऱ्यात मारलेलं असं घरात सांगतात. पोरगं स्टुलावर चढलं तेवढ्यात ड्रायव्हर मामा खालून ओरडले, ए हात लावू नको त्याला! मग मला, "दादा, याचा कागद आहे का वनखात्याचा?" मी म्हटलं अहो मामा किती जुनं आहे ते, कोण विचारतंय. तर म्हणाले, "तासवडे टोलनाक्यावर धरलं तर गाडी सरकारजमा, माझे हप्ते चालू आहेत अजून."

डोकंच फिरलं माझं, तिथंच उभं राहून एक स्टार टाइप केला होता खरं तर. रात्री घरी येऊन वाचत बसलो तर मामा बरोबर निघाले की. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जपून ठेवलेलं शिंग, कातडं, नख, दात सगळं ट्रॉफी (प्राण्याचा जपलेला भाग) धरतात, आणि कलम ४८अ म्हणतं की मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आहे का हे माल घेणाऱ्यानंच आधी बघायचं. म्हणजे आमच्या जुन्या कौतुकापायी मामा अडकले असते. गुन्ह्यात धरलेली गाडी सरकारजमा होते हे पण कायद्यातच आहे, कलम ३९.

बाबांनी ट्रंकेतून मालकीचं सर्टिफिकेट काढलं एकदाचं, पण ते आजोबांच्या नावावर, आणि आजोबा २०११ ला गेले. वारसानं आलेल्या वस्तूचं ९० दिवसांत वनखात्याकडं लिहून द्यावं लागतं हे आमच्यात कुणाच्या गावीच नव्हतं! विकायचं तर नावच काढू नका, सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही. नकोच असेल तर सरकारकडं जमा करता येतं, २०२२ च्या दुरुस्तीत तशी सोय झालीय पण एक रुपया मिळत नाही. बाबा तयार नाहीत त्याला.

तक्रार अशी की लंबकाच्या घड्याळाची काच फुटली आणि पोरं म्हणे आधीच तडकलेली होती, वर जिन्याचे म्हणून ५०० जास्तीचे घेतले, ते बोलण्यात नव्हतंच. त्याचा एक स्टार कापला. बाकी चार देतो, त्यातला एक फक्त मामांचा.

सांबराचा अर्ज वनखात्याकडं दिलाय बाबांनी, सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि जुन्या सर्टिफिकेटची झेरॉक्स. तोवर शिंगं तिथंच आहेत रिकाम्या सोप्यात, आणि बाबा कुलूप बघायच्या निमित्तानं दर शनिवारी सातारा गाडी धरतात.