ओट्यावरची बाग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे आणि समोर दहा-बारा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. पुण्यात सिंहगड रस्त्याला पहिल्या मजल्यावर राहतो. कुंडीत पुदिना तीनदा लावून पाहिला, तिन्ही वेळा तो उंच, फिकट आणि लुळा होऊन गेला. म्हणून गेल्या दसऱ्याला ओट्यावर ठेवायची, मातीशिवाय पाण्यावर चालणारी बाग घेतली. सहा भोकं, चार लिटरची टाकी, खालीवर सरकवता येणारा २४ वॅटचा एलईडी दिवा आणि टाकीत छोटा पंप. ५,४०० रुपये पडले. आता जुलै उजाडला, म्हणजे नऊ महिने रोज वापरते आहे.

आधी माझं मत सांगून टाकते. कोथिंबिरीसाठी घेत असाल तर घेऊ नका. बेसिल, पार्सली, लेट्यूस यांसाठी जरूर घ्या, कारण मंडईत ती रोज मिळत नाहीत आणि मिळाली तरी दुसऱ्या दिवशी काळी पडतात.

कोथिंबिरीचं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे बरेच लोक हे यंत्र तिच्यासाठीच घेतात. मीही तशीच घेतली. किराण्यातले धने भोकांत बसणाऱ्या स्पंजमध्ये खोचले आणि पंधरा दिवस वाट पाहिली. सहा भोकांपैकी दोनच भोकांत काही उगवलं. सासूबाई फलटणकडच्या, माहेरी कोथिंबिरीचे वाफे असायचे. त्या म्हणाल्या, "अगं, अख्खे धने कुठे पेरतात का? आधी रगडून घे." शेतात चपलेखाली रगडतात, त्यांनी पोळपाटावर लाटणं हलकं फिरवलं. एकेका धन्याच्या दोन डाळी सुट्या झाल्या. आपण ज्याला एक बी समजतो त्यात मुळात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून सकाळी एकेका स्पंजात आठ-दहा डाळी घातल्या आणि नवव्या दिवशी सगळ्या भोकांत हिरवे आकडे वर आले. मला अगदी भरून आलं होतं.

पण पाच आठवड्यांनी कापली तेव्हा सहा भोकांची मिळून मूठभर झाली. चौघांना एकवेळची चटणी. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, एकदा कापली की ती पुन्हा जोमाने फुटत नाही, दरवेळी नव्याने पेरावी लागते. हिवाळ्यात दहा रुपयांना जेवढी जुडी मिळते तेवढी या यंत्रातून काढायला मला सगळी भोकं दोनदा पेरावी लागली असती. मार्चनंतर तर तिने पानंच धरली नाहीत, बोटभर वाढून थेट फुलावर गेली. उष्णता आणि दिवसाची लांबी, दोन्हींमुळे कोथिंबीर फुलोऱ्याची घाई करते, आणि यंत्राचा दिवा तर मुळातच रोज १६ तास जळतो. दिवा १२ तासांवर आणला तेव्हा थोडी थांबली, पण तोवर बाकीची रोपं रुसली.

याउलट बेसिल! सोबत आलेल्या बियांपैकी बेसिलच्या दोन पॉडनी (पॉड म्हणजे बी घातलेला स्पंज बसवलेली प्लास्टिकची जाळी) मला चार महिने पुरवलं. गंमत म्हणजे ते संपल्यावर मी बी विकत आणलंच नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. डब्यातला चिमूटभर सब्जा ओल्या स्पंजावर टाकला, दाण्यांभोवती नेहमीसारखा चिकट गोळा धरला आणि पाचव्या दिवशी जोडपानं दिसली. या पानांचा वास इटालियन बेसिलपेक्षा तिखट, थोडा बडीशेपेच्या अंगाने जाणारा. पास्त्यापेक्षा मला तो टोमॅटोच्या सारात जास्त आवडला. फोडणीत नको, गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घालायची आणि झाकण ठेवायचं.

बेसिल खुडायची एक पद्धत आहे, ती जमली की झाड थांबत नाही. खालची मोठी पानं तोडायची नाहीत. शेंड्याकडून दोन-तीन जोड्या खाली या, जिथे पानांच्या बेचक्यात बारीक फुटवे दिसतात त्याच्या वर कापा. एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. फुलाचा तुरा दिसला की त्याच दिवशी काढायचा. मी रविवारी सकाळी चहा टाकला की कात्री घेते, दहा मिनिटांचं काम आहे.

आता एप्रिलमधली गोष्ट. हे मला मनापासून सांगायचंय, कारण कुठल्याच माहितीपत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. यंत्र मी शेगडीच्या शेजारी ठेवलं होतं, प्लग तिथे होता म्हणून. एका संध्याकाळी झाकण उचललं तर साचलेल्या डबक्यासारखा वास आला. निरोगी मुळं पांढरीशुभ्र असतात, शिजवायच्या आधीच्या शेवयांसारखी. माझी तपकिरी झाली होती, बोटात धरली तर साल निघून आतला दोरा तेवढा राहत होता. सहापैकी चार रोपं गेली. त्यात सहा आठवडे जपलेली पार्सली होती, जिला उगवायलाच तीन आठवडे लागले होते. मी दोन दिवस ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर टाकीत थर्मामीटर घातला तर पाणी ३१ अंश. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मुळं आधीच गुदमरतात आणि मूळकूज करणाऱ्या पिथियमसारख्या रोगजंतूंना ते ऊबदार पाणी मानवतं. टाकी रिकामी केली, पंप उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशने धुतला, तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने सगळं पुसलं. यंत्र शेगडीपासून उचलून हॉलच्या आतल्या कोपऱ्यात नेलं. मे महिनाभर रोज दुपारी अर्धा लिटरची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, तोंड घट्ट लावून टाकीत सोडत होते. पाणी २५-२६ वर राहिलं आणि पुन्हा मुळं कुजली नाहीत. तुमच्या घरी उन्हाळ्यात दुपारचा ओटा तापत असेल तर फेब्रुवारीतच जागा बदला.

पाण्याचंही तसंच. तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, घ्या, यंत्राइतकाच गरजेचा आहे. आमच्या नळाचं पाणी ११० दाखवतं, मे महिन्यात सोसायटीत आलेल्या टँकरचं ६४० दाखवलं. खत घालायच्या आधीच एवढे क्षार! लेट्यूसच्या पानांच्या कडा चार दिवसांत करपल्या. तेव्हापासून टँकरच्या दिवसांत मी अर्धं पाणी आरओचं घालते. खताच्या दोन बाटल्या येतात, ए आणि बी. मापाने घ्या, पण एकाच वाटीत एकत्र करू नका. एकीत कॅल्शियम असतं आणि दुसरीत सल्फेट-फॉस्फेट, दाट दाट भेटले की पांढरा साका धरतो आणि तो झाडाला लागत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. आता टाकीत आधी पाणी, मग ए, ढवळून मग बी. दर पंधरा दिवसांनी सगळं पाणी बदलते, जुनं पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला जातं.

यंत्राची एक खोड मला फार जाचली. दिव्याचा टायमर वीज आल्या क्षणापासून १६ तास मोजतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. ती दुपारी तीनला आली की दिवा सकाळी सातपर्यंत जळत राहतो. ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, दरवेळी "प्लग काढून परत लावा" एवढंच उत्तर. शेवटी वीज गेली तरी बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा डिजिटल टायमर बाहेरून लावला. रात्री पंपही बंद राहतो, पण मुळं पाण्यात असतात, काही बिघडलं नाही. एवढी साधी गोष्ट यंत्रातच असायला हवी होती.

पुदिना मात्र वेगळाच निघाला. मंडईतल्या जुडीतल्या चार काड्या पेल्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं सुटली, त्या भोकात बसवल्या. दोन महिन्यांत त्याच्या मुळांनी अख्खी टाकी व्यापली आणि एक धागा थेट पंपात शिरला. चव चांगली, पण शेजाऱ्यांना जगू देत नाही. आता तो एकटा वेगळ्या बरणीत आहे, बरणीला बाहेरून काळा कागद, नाहीतर उजेडाने शेवाळ धरतं.

खर्च विचाराल तर वीज फार नाही. २४ वॅट गुणिले १६ तास म्हणजे महिन्याला साडेअकरा युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वाशेच्या आत. खरा खर्च तयार पॉडचा, सहाला नऊशे रुपये. ते एकदाही परत घेऊ नका. प्लास्टिकच्या जाळ्या धुऊन पुन्हा वापरता येतात आणि साधे स्पंजाचे तुकडे शंभर रुपयांत पन्नास मिळतात.

बाहेर पाऊस लागलाय, मंडईतली कोथिंबीर महागली आहे आणि निम्मी जुडी घरी येईपर्यंत सडते. तरीही या खेपेला सहा भोकांत मी दोन सब्जा, दोन लेट्यूस आणि एक पार्सली लावली आहे. सहाव्यात सासूबाईंच्या आग्रहाखातर रगडलेले धने आहेत. काल संध्याकाळी त्या चष्मा लावून वाकून बघत होत्या, "चार वर आलेत, बाकीचे उद्या येतील."